सेसिल शामिनाद : फ्रान्सच्या एक संगीतकार बाई



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एकेका नामवंत व्यक्तीची ओळख लिहून द्यावी, असे आपल्या बैठकीत ठरले. सावित्रीबाई, अहिल्याबाई, रमाबाई रानडे ही नावे मैत्रिणींनी आधीच घेतली होती. त्यांच्याविषयी त्या माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी मात्र एका दूरदेशीच्या बाईंचे चरित्र सांगणार आहे. मी काही विदुषी नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि मुलीला तेवढ्या लांब पाठवायचे नाही, असे वडिलांनी ठरवले. म्हणून ह्या बाईंची कथा माझ्या मनाला फार लागली. तीच माझ्या साध्या भाषेत तुमच्यापुढे ठेवते.

त्यांचे नाव सेसिल शामिनाद. जन्म ८ ऑगस्ट १८५७, पॅरिस शहरी.

ह्या बाई माझ्यापर्यंत कशा आल्या तेही थोडक्यात सांगते. गेल्या वर्षी आपल्या मुलींच्या नाचाचे चित्रण फोनवर चढवले, तर त्यातला आवाजच बंद झाला. गाण्याचे हक्क कोणा कंपनीचे होते. मुली फार हिरमुसल्या. तेव्हा माझी पुतणी म्हणाली की, काकू, असेही संगीत आहे की ज्याच्यावर आता कोणाचाच हक्क उरलेला नाही, ते कोणीही वापरावे. तिने शोधून शोधून शामिनाद बाईंचे पियानोवादन ऐकवले. ते त्यांनी स्वतः १९०१ साली वाजवलेले होते! सव्वाशे वर्षांपूर्वीची ती बोटे माझ्या स्वयंपाकघरात वाजू लागली आणि मला त्या बाईंविषयी जाणून घ्यावेसे वाटले. पुतणीने इंग्रजी पुस्तकांतून वाचून मला सांगितले आणि मी ते लिहून ठेवले.

सेसिलचे घर खाऊनपिऊन सुखी होते. वडील विम्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि हौसेने व्हायोलिन वाजवीत. आई पियानो वाजवी आणि गातही असे. मुलीला पहिले धडे आईनेच दिले. आपल्याकडे आईच्या मांडीवर बसून मुली ओव्या शिकत, त्यातलाच हा प्रकार. सात-आठ वर्षांची असतानाच ही मुलगी स्वतःच्या चाली रचू लागली.

पॅरिसजवळ ल व्हेझिने नावाचे गाव आहे. तेथे शामिनाद मंडळींचे घर होते. जवळच जॉर्ज बिझे हे संगीतकार राहत. पुढे 'कार्मेन' ह्या संगीत नाटकामुळे ज्यांचे नाव जगभर झाले, तेच हे बिझे. त्यांनी मुलीचे वादन ऐकले, तिच्या चाली ऐकल्या आणि ते चकित झाले. थोर बालकलावंत मोझार्टशी त्यांनी तिची तुलना केली आणि तिला पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात घालावे, असा सल्ला वडिलांना दिला.

वडिलांनी साफ नकार दिला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या विद्यालयाचे दार मुलींना बंद नव्हते. तेथे मुली शिकत होत्या. लुईझ फारांक नावाच्या बाई तर १८४२ पासून तीस वर्षे तेथे पियानोच्या प्राध्यापिका होत्या. दार बंद होते ते घरचे. चांगल्या घरच्या मुलीने बायको व्हावे, आई व्हावे, पाहुण्यांपुढे दोन गती वाजवून दाखवाव्यात. पण संगीताला पोटाचा धंदा करू नये, असा त्या घरातला विचार होता. वडील दुष्ट नव्हते. मुलीवर त्यांची माया होती. पण मायेनेही दार लावता येते, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे.

मात्र बिझे यांच्या सांगण्याचा इतका उपयोग झाला की, घरी शिकवणी ठेवायला वडील तयार झाले. ल कुपे ह्या गुरूंकडे पियानो, सावार यांच्याकडे स्वरमेळाचे शास्त्र, मार्सिक यांच्याकडे व्हायोलिन आणि बेंजामिन गोदार यांच्याकडे संगीतरचना असे तिचे शिक्षण झाले. ल कुपे आणि सावार हे त्याच विद्यालयातले शिक्षक. म्हणजे विद्या तीच, गुरूही तेच. पण प्रमाणपत्र नाही, बरोबरीचे विद्यार्थी नाहीत, परीक्षा नाहीत, बक्षिसे नाहीत. पुढे नोकरीसाठी किंवा शिफारशीसाठी ज्या ओळखी उपयोगी पडतात, त्याही नाहीत.

तरीही तिने मेहनत सोडली नाही. १८७७ साली, विसाव्या वर्षी, पॅरिसच्या प्लेयेल सभागृहात तिने श्रोत्यांपुढे वाजवले. पुढच्याच वर्षी ल कुपे यांच्या पुढाकाराने निव्वळ तिच्या स्वतःच्या रचनांचा कार्यक्रम झाला. तेथून तिला लोक संगीतकार म्हणून ओळखू लागले. १८८२ साली तिचे एक छोटे विनोदी संगीत नाटक घरगुती प्रयोगात झाले. १८८८ साल तर भरभराटीचे ठरले. मार्च महिन्यात मार्सेय शहरात तिचे 'कालिरोए' हे नृत्यनाट्य रंगभूमीवर आले. एप्रिलमध्ये बेल्जमच्या अँटवर्प शहरात, पुष्कळ गायकांचा आणि मोठ्या वाद्यवृंदाचा मेळ असलेली 'अ‍ॅमेझॉन' नावाची भव्य रचना झाली आणि पियानो व वाद्यवृंद यांची एक रचनाही झाली. पुरुष संगीतकार ज्या मोठ्या आकाराच्या कृतींवर नाव मिळवीत, तशाच ह्या कृती होत्या. विद्यालयाचे प्रमुख आंब्र्वाझ तोमा यांनीही, ही आधी संगीतकार आहे, बाईपण नंतरचे, अशी तिची गणना केली.

परंतु आदल्या वर्षी, १८८७ साली, वडील वारले होते. घरची मिळकत आटली. संगीताला पोटाचा धंदा करू नये म्हणणारे गेले आणि तोच धंदा करण्याची वेळ त्यांच्या मुलीवर आली. दैवाचा खेळ हा असा!

आता संगीतातून पैसा कसा मिळे, ते सांगायला हवे. त्या काळी रेडिओ नव्हता, तबकड्याही नव्हत्या. युरोप-अमेरिकेतल्या मध्यम घरांतून पियानो असे, जशी पूर्वी आपल्याकडे पेटी असे. घरच्या मुली-सुना संध्याकाळी तो वाजवीत. त्यांना लागे स्वरलिपीची छापील चोपडी. दुकानातून चार पानांची चोपडी आणायची, समोर मांडायची आणि वाजवायची. भव्य वाद्यवृंदाची कृती एकदा वाजून कपाटात पडे. पण दोन-तीन मिनिटांची गोड, सुबक, एकटीने वाजवायची पियानोची चीज घरोघरी खपे. शामिनाद बाईंनी हे ओळखले. तेथून पुढे त्यांनी मोठ्या कृतींवर फारसा हात टाकला नाही. पियानोच्या छोट्या रचना आणि गीते ह्यांवरच त्यांनी भर दिला आणि गावोगाव स्वतः वाजवून त्या लोकांना ऐकवल्या.

त्यांच्या एकूण रचना सुमारे ४००. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास पियानोच्या आणि सव्वाशेच्या आसपास गीते. जवळजवळ सगळ्या त्यांच्या हयातीतच छापल्या गेल्या. अशी गोष्ट भल्या भल्या पुरुषांच्या नशिबी नसते. 'कालिरोए' मधला ओढण्यांचा नाच पियानोवर वाजवण्यासाठी निराळा छापला, तो तर घरोघरी पोहोचला. 'ओतोन' म्हणजे पानगळीचा ऋतू. ही त्यांची रचना आजही पियानो शिकणारे आवडीने वाजवतात. सुरुवात शांत, दाटून आल्यासारखी. मध्येच वादळ उठते आणि पुन्हा सगळे निवते. मुलांसाठीही त्यांनी १९०६ आणि १९०७ साली सोप्या रचनांचे दोन संग्रह काढले. कामाचे मोल त्या जाणून होत्या. लहान मुलाच्या हातून वाजेल अशी चीज रचणे हे काही हलके काम नव्हे. चिमूटभर मिठाचा अंदाज चुकला तर स्वयंपाक बिघडतो, तसेच ते आहे.

१८९२ पासून त्या इंग्लंडला जाऊ लागल्या आणि पुढे जवळजवळ दरवर्षी जात राहिल्या. राणी व्हिक्टोरियाने त्यांना विंडसरच्या राजवाड्यात बोलावले.

१९०१ साली, ४४ व्या वर्षी, त्यांनी लग्न केले. यजमान लुई-मातिय कार्बोनेल हे मार्सेयचे संगीत-प्रकाशक, वयाने पुष्कळ मोठे. लग्नानंतरही बाईंनी आपले काम, आपले दौरे आणि आपले नाव सोडले नाही. संसार अवघा सहा वर्षांचा झाला. १९०७ साली यजमान वारले. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही.

लग्नाच्याच वर्षी त्यांनी दुसरेही एक काम केले, आणि आज ते आपल्या उपयोगी पडले. नोव्हेंबर १९०१ मध्ये लंडन येथे ग्रामोफोन कंपनीसाठी त्यांनी आपल्याच सात पियानोरचना वाजवून तबकड्यांवर उतरवल्या. तेव्हा ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन वापरीत नसत. पियानोसमोर एक मोठा कर्णा ठेवीत. त्याच्या निमुळत्या टोकाला एक पातळ पडदा आणि सुई असे. आवाजाने पडदा थरथरे आणि सुई फिरत्या थाळीवर रेघ कोरी. तबकडी तीन मिनिटांच्या आत भरे, म्हणून रचना तेवढ्यात आटपावी लागे. हळू स्वर उमटतच नसत. चूक झाली तर दुरुस्ती नाही, पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे. तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत आणि त्या काळी जगाला लागणारी लाख बहुतेक आपल्या हिंदुस्थानातून जाई. पुढच्याच वर्षी, १९०२ साली, ह्याच कंपनीची माणसे कलकत्त्याला आली आणि त्यांनी गौहरजान ह्यांचे गाणे उतरवून घेतले. एक पॅरिसची, एक कलकत्त्याची. दोघीही त्या कर्ण्यापुढे बसल्या आणि दोघींची कला उरली.

'पिएरेत' नावाची त्यांची एक रचना ह्या तबकड्यांत आहे. ऐकताना आधी नुसती खरखर येते, तव्यावर पाणी शिंपडावे तशी. मग आतून पियानो येतो, लांबच्या खोलीतून आल्यासारखा. वाजवणे चपळ, हसरे, कोठेही रडवेपणा नाही. पाश्चात्त्य संगीतातले मला काही कळत नाही, पण हात कसलेला आहे एवढे कळते. पुढे त्यांनी पियानोच्या कागदी गुंडाळ्यांसाठीही पुष्कळ वादन केले. त्या लांबलचक कागदाला भोके पाडलेली असत. खास पियानोत गुंडाळी घातली की, भोकांतून जाणाऱ्या हवेच्या जोरावर पट्ट्या आपोआप खाली जात, जणू अदृश्य माणूस वाजवीत आहे.

१९०२ साली एक नवल घडले. पॅरिसच्या संगीत विद्यालयाला बासरीच्या परीक्षेसाठी नवी रचना हवी होती. ती त्यांनी शामिनाद बाईंकडून लिहवून घेतली. ज्या विद्यालयात ह्या मुलीला पाऊल टाकू दिले नाही, तेथल्या मुलांची परीक्षा तिने रचलेल्या संगीतावर झाली! बासरी शिकणारे जगभर आजही ती रचना बसवतात. मला ही हकिकत कळली तेव्हा हातातले काम ठेवून मी क्षणभर तशीच बसले.

१९०८ साली त्या अमेरिकेला गेल्या. वय ५१, वैधव्याला एकच वर्ष झालेले, आणि बोटीचा प्रवास. फिलाडेल्फियाच्या प्रसिद्ध वाद्यवृंदाबरोबर त्यांनी आपलीच रचना वाजवली आणि मग शहरोशहरी कार्यक्रम केले. तेथे त्यांच्या नावाची मंडळे अगोदरच निघालेली होती. 'शामिनाद क्लब' म्हणत त्यांना. ती बहुतेक बायकांची मंडळे. बायका जमत, एकमेकींना वाजवून दाखवीत, चोपड्यांची देवघेव करीत, गावात कार्यक्रम ठरवीत. आपण हळदीकुंकवाला, भजनाला, भोंडल्याला जमतो तसेच ते जमणे. त्या बायकांनी बाईंच्या कार्यक्रमांना गर्दी केली. बाईंचे नाव मोठे झाले ते अशा मंडळांतून आणि घरांतून.

आणि नेमका तोच त्यांचा गुन्हा ठरला. टीकाकार म्हणू लागले की, हे दिवाणखान्यातले संगीत, बायकी, गोड गोड, त्यात खोली नाही. पण ज्या कृती जोरकस होत्या त्यांच्याविषयी त्यांतलेच काही म्हणत की, हे बाईला शोभत नाही, हा पुरुषी आव आहे. नाजूक लिहिले तर बायकी, जोरकस लिहिले तर बाईला न शोभणारे. इकडे आड, तिकडे विहीर! शिवाय मोठी वाट सोडून छोट्या चिजांकडे त्या का वळल्या, ते कोणी पाहिले नाही. पोट भरायचे होते, वाद्यवृंद हाताशी नव्हता, घरातला पियानो तेवढा हाताशी होता. जे हाताशी होते त्यात त्यांनी जीव ओतला.

१९१३ साली फ्रान्स सरकारने 'लेजिओं द ऑनर' हा मोठा सन्मान त्यांना दिला. संगीतरचनेसाठी तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. बाईंनी रचना बाजूला ठेवून जखमी सैनिकांच्या रुग्णालयाचा कारभार पाहिला. युद्ध संपले तेव्हा जगाची आवडही बदलून गेली होती. नव्या लोकांना त्यांचे संगीत जुनेपुराणे वाटू लागले. त्यांनी हळूहळू लिहिणे कमी केले. म्हातारपणी आजाराने एक पाऊल कापावे लागले. शेवटची वर्षे मोंते कार्लो येथे एकाकी गेली. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १३ एप्रिल १९४४ रोजी, ८६ व्या वर्षी त्या वारल्या. पुष्कळांना त्या हयात होत्या हेसुद्धा ठाऊक राहिले नव्हते. पुढे कित्येक वर्षे बासरीची ती एक रचना सोडली तर त्यांचे नाव फारसे कोणी घेत नसे. १९७० नंतर स्त्रियांच्या संगीताचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा जुन्या चोपड्या पुन्हा उघडल्या गेल्या.

आता हक्कांविषयी, कारण मंडळाच्या कामाची गोष्ट तीच आहे. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे संगीतकाराचा आपल्या रचनेवरचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. बाई १९४४ साली वारल्या, म्हणून २००४ साल संपले आणि १ जानेवारी २००५ पासून त्यांच्या रचना येथे सर्वांच्या झाल्या. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे असतो, त्यामुळे १९०१ च्या तबकड्यांवरचा हक्क केव्हाच संपला. अमेरिकेत १९२३ पूर्वीची सगळी ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी मोकळी झाली, त्यांत ह्याही तबकड्या आल्या. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आजच्या एखाद्या वादकाने तीच रचना वाजवून ध्वनिमुद्रित केली तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याचा किंवा त्याच्या कंपनीचा असतो. चाल मोकळी, पण ते वाजवणे त्याचे. विहिरीचे पाणी गावाचे असले तरी दुसरीने भरून ठेवलेली घागर विचारल्याशिवाय उचलत नाहीत, तसे हे. काही वादक मात्र आपले वादन आपण होऊन सर्वांसाठी मोकळे करतात आणि तसे स्पष्ट लिहून ठेवतात. ते लिहिलेले आधी वाचावे, मगच वापरावे. कोठे वाजवणाऱ्याचे नाव देण्याची अट असते. ती नसली तरी नाव द्यावे; कष्टाची ती ओळख आहे.

भगिनींनो, बाईंचे चरित्र लिहिताना माझ्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली. ह्या बाईला शाळेच्या दाराबाहेर ठेवले, मोठ्या मंडळींनी तिची कला दिवाणखान्याबाहेरची मानली नाही. पण घरातल्या विद्येला कमी लेखणारे गेले, त्यांची नावेही कोणी घेत नाही. घरात शिकलेल्या त्या बोटांचे वादन मात्र उरले आणि आज ते कोणाच्या परवानगीवाचून कोणाच्याही घरात वाजते. आपल्यापैकी कोणी सुरेख ओव्या म्हणते, कोणी मंगळागौरीची पन्नास गाणी जाणते, कोणी अजून पेटीला हात लावते. हे सगळे घरचेच आहे म्हणून आपण ते किरकोळ समजतो. ज्यांना हे येते त्यांनी ते फोनवर उतरवून ठेवावे, कोण गाते आणि कोणत्या गावचे गाणे ते सांगावे आणि मंडळाच्या संग्रहाला द्यावे, अशी माझी विनंती आहे. पुढच्या मुलींना ते मोकळेपणी वापरता येईल.

येत्या वर्धापनदिनी मुलींच्या नाचाला शामिनाद बाईंचे 'पिएरेत' लावायचे ठरले आहे. खरखर ऐकू येईल, तिला हसू नये. तिच्या पलीकडे बाई वाजवीत आहेत.